मोरी घासताना जीव सांभाळा

आपल्या मालेगाव तालुक्यात बोअरचं जड पाणी असलेल्या घरांत मोरीच्या फरशीवर पांढरे क्षार साचतात. ते काढायला ॲसिड ओततात आणि वास जावा म्हणून वर ब्लिचिंग पावडर टाकतात. असं कधीच करू नका! दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. डोळे चुरचुरतात, श्वास कोंडतो. बंद मोरीत जिवावर बेततं. ठसका लागला तर काम सोडून लगेच मोकळ्या हवेत या. बरं वाटलं नाही तर दवाखाना गाठा.

क्षारांवर लिंबू चोळा, अर्ध्या तासानं घासा. त्यावरही ब्लिचिंग नको. ॲसिड कधी थंड पेयाच्या बाटलीत भरू नका. लेकरं सरबत समजून पितात. गटाच्या पुढच्या बैठकीत हे सगळ्यांना सांगा बरं का!