या एकादशीची जखम पुढच्या एकादशीपर्यंत

(एकादशीच्या भजनानंतर ज्येष्ठ सभासदांसमोर केलेले भाषण)



भजनात आपले लक्ष देवाच्या चरणांकडे असते. आज थोडा वेळ स्वतःच्या पायांकडे पाहू.

हृदय रक्त पायांपर्यंत पोचवते, पण ते वर परत नेण्यात मोठा वाटा पोटरीचा. आपण चालतो तेव्हा पोटरीचे स्नायू शिरा पिळतात आणि रक्त वर चढते. शिरांमधल्या लहान झडपा ते खाली घसरू देत नाहीत. वय, वजन, बाळंतपणे आणि वर्षानुवर्षे उभ्याने केलेले काम यांनी या झडपा सैल पडतात. लेस्टरच्या होजियरी कारखान्यांत किंवा दुकानाच्या काउंटरमागे ज्यांचा जन्म गेला, त्यांना हे वेगळे सांगायला नको. मग रक्त साचते, शिरा फुगतात, संध्याकाळी पाय सुजतात, घोट्यावरची कातडी काळवंडते आणि खाजते. अशा कातडीला पलंगाचा कोपरा लागला तरी जखम चिघळते. आपल्या सावळ्या रंगावर लाली चटकन दिसत नाही, म्हणून हात लावून पाहा: जागा गरम, कडक किंवा दुखरी वाटते का?

शिरांमुळे झालेली गुडघ्याखालची जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर रुग्णाला रक्तवाहिन्यांच्या विभागाकडे पाठवावे, असे 'नाइस' संस्थेच्या २०१३ च्या सूचना सांगतात. दोन आठवडे म्हणजे एकादशी ते एकादशी. एवढी खूण विसरू नका. हळद-तूप लावत महिने काढू नका. मधुमेह असेल आणि पावलाला जखम झाली, तर एक दिवसही थांबू नका. एकच पाय अचानक सुजून दुखू लागला, तर लगेच १११ ला फोन करा; सोबत धाप लागली किंवा छातीत दुखले, तर ९९९ ला.

लवकर जाण्याने फरक पडतो. इथल्या २० केंद्रांतल्या ४५० रुग्णांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. दाबाच्या पट्ट्या सर्वांनाच होत्या; पण शिरांवर लवकर उपचार झाले त्यांच्या जखमा साधारण ५६ दिवसांत भरल्या, उशिरा झाले त्यांच्या ८२ दिवसांत.

दाबाचे मोजे मनाने विकत घेऊ नका. आधी नर्सकडून पायाचा रक्तपुरवठा तपासून घ्या. कोरड्या कातडीला रोज मलम लावा, पण एक सावधगिरी हवी: मलम मुरलेले कापड लवकर पेट घेते आणि धुऊनही ते पूर्ण जात नाही. निरांजन, समई, गॅस यांच्यापासून पदर आणि धोतर जपा.

विटेवर उभे राहणे पांडुरंगालाच शोभते. आपण वारकऱ्यासारखे चालत राहावे. ॲबी पार्कमध्ये रोज एक फेरी मारा. आरतीला उभे असताना टाचा वर-खाली करा. थकलात तर निःसंकोच खुर्ची घ्या, देव रागावत नाही. घरी बसताना पाय उशीवर उंच ठेवा.

शेवटी तरुण मंडळींना विनंती. एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांना वाकून स्वतःचे तळपाय दिसत नाहीत. आठवड्यातून एकदा ते पाहा, जीपीची वेळ घेऊन द्या, गाडीने न्या, आत त्यांचे म्हणणे इंग्रजीत सांगा. ज्यांना वेळ देता येत नाही, त्यांनी सभागृहातील खुर्च्या आणि पाय ठेवायच्या स्टुलांसाठी यथाशक्ती देणगी द्यावी. पाकिटावर 'ज्येष्ठ सेवा' असे लिहावे. देवाची चरणसेवा आपण रोज करतो, ही तिच्याच जोडीची सेवा आहे.

रामकृष्णहरी!