पेण आणि रोहा : उपनगर कोणासाठी?



मुंबई महानगराच्या नकाशावर पेण आणि रोहा ही नावे आता ठळक होऊ लागली आहेत. जमिनीचे दलाल त्यांची ओळख ‘मुंबईपासून अमुक मिनिटांवर’ अशी करून देतात. एखाद्या गावाचे मोल दुसऱ्या शहरापासूनच्या त्याच्या अंतरावर ठरू लागले, की ते उपनगर होऊ लागले असे समजावे. परंतु ही गावे म्हणजे मोकळे भूखंड नव्हेत. ती श्रमावर उभी आहेत.

पेण भोगावती नदीच्या काठी वसले आहे. पूर्वेला डोंगर आणि आदिवासी वाड्या, पश्चिमेला धरमतरच्या खाडीला भिडलेला खारेपाट. उधाणाच्या भरतीने बंधाऱ्याला खांड गेली, की खारे पाणी शेतात शिरते आणि भाताचे पीक हातचे जाते. पिढ्यानपिढ्या बांध घालून, ते राखून शेतकऱ्यांनी ही जमीन समुद्राकडून मिळवली आहे. पेणचे पोहे आणि पापड घरोघरी ठाऊक आहेत, गणेशमूर्ती तर देशाबाहेरही जातात. हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे या गावांत मूर्तींचे काम जवळजवळ वर्षभर चालते. शाडूची माती गुजरातेतून येते, गिऱ्हाईक बरेचसे मुंबईचे. पेणचे असते ते कसब. भूदानाचा विचार देशाला देणारे विनोबा भावे याच तालुक्यातील गागोदे गावी १८९५ साली जन्मले, हे जमिनीचा प्रश्न चर्चिताना विसरता येत नाही.

रोह्याची कथा पाण्याची आहे. कुंडलिकेच्या एका तीरावर रोहा, दुसऱ्या तीरावर अष्टमी. नगरपरिषदेच्या नावातही दोन्ही गावे आहेत. या नदीला उन्हाळ्यातही पाणी असते, त्यामागे मुळशीच्या विस्थापितांचे दुःख आहे. टाटांच्या धरणाविरुद्ध मुळशीच्या मावळ्यांनी १९२१ साली सत्याग्रह आरंभिला आणि सेनापती बापटांनी त्याचे नेतृत्व केले. तरीही धरण झाले. त्याच्या पाण्यावर भिरा येथे वीज निर्माण होऊ लागली, ती मुंबईकडे गेली आणि सोडलेले पाणी कुंडलिकेत आले. पुढे धाटावला रासायनिक कारखान्यांची वसाहत उभी राहिली. तिने रोजगार दिला, हे नाकारण्याचे कारण नाही. पण नदीच्या प्रदूषणाचा भार खालच्या अंगाच्या कोळ्यांवर आणि शेतकऱ्यांवर पडला.

या दोन गावांना जोडणारी रेल्वे मात्र जनतेच्या मागणीतून आली. मधु दंडवते १९७७ ते १९७९ या काळात रेल्वेमंत्री होते. कोकण रेल्वेच्या मागणीला त्यांनी बळ दिले. १९८६ साली रूळ रोह्यापर्यंत पोहोचले. जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना १९९० साली कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले आणि १९९८ साली रोह्यापासून पुढचा संपूर्ण मार्ग खुला झाला. मुंबईला गेलेला चाकरमानी सुलभपणे गावी यावा, गावाचा माल बाजारात जावा, ही त्यामागील दृष्टी होती. तोच रूळ उद्या गावकऱ्याला गावाबाहेर ढकलण्याचे साधन होणार काय, हा आजचा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर पेणच्या शेतकऱ्यांनी एकदा दिले आहे. महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्रासाठी पेण, उरण आणि पनवेल तालुक्यांतील जमिनी संपादित करण्याचा घाट घातला गेला. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील पेणच्या २२ गावांनी विरोध केला. एन. डी. पाटील यांच्यासारखे नेते त्यांच्या पाठीशी उभे राहिले. अखेर २१ सप्टेंबर २००८ रोजी शासनाला शेतकऱ्यांचे मत अजमावावे लागले आणि पुढे तो प्रकल्प बारगळला. जमीन घेण्यापूर्वी कसणाऱ्याला विचारावे, एवढी साधी लोकशाही त्या दिवशी प्रत्यक्षात उतरली.

परंतु लढा जिंकला म्हणजे प्रश्न सुटला असे होत नाही. हेटवण्याचे पाणी नवी मुंबईला पोहोचले. खारेपाटातील बायाबापड्यांना पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागली. शेतीला पाणी नाही, म्हणून शेती तोट्यात. शेती तोट्यात, म्हणून जमीन विकाऊ. कायद्याने जी जमीन घेता आली नाही, ती अशा रीतीने बाजारातून काढून घेता येते.

२०२४ साली अटल सेतू खुला झाला. त्याच वर्षी उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतील १२४ गावांच्या क्षेत्रात नवे नगर वसविण्याचे काम राज्य सरकारने मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे सोपविले. गावोगाव हरकती नोंदल्या गेल्या. नव्या नगराला आंधळा विरोध करणे हे समाजवादी कार्यकर्त्याचे काम नव्हे. मुंबईतील कामगारालाही परवडणारे घर हवेच आहे. पण त्या घरात कामगार राहणार की गुंतवणूकदाराचे कुलूप, हे विचारले पाहिजे.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. आराखड्याला ग्रामसभेची संमती हवी. हेटवण्याच्या पाण्यावर पहिला हक्क खारेपाटाचा हवा. खारबंदिस्तीची दुरुस्ती सरकारी खर्चाने व्हावी. मूर्तिकामगाराला किमान वेतन आणि विमा मिळावा. कुंडलिकेत सांडपाणी सोडणाऱ्यांवर कारवाई व्हावी. आणि ज्या भूमिहीनाच्या नावे सातबारा नाही, त्या आगरी, कातकरी मजुराचाही पुनर्वसनात वाटा असावा. २००८ साली मत विचारले गेले ते जमीनधारकाचे, त्याचे नव्हे. पुढच्या लढ्याची सुरुवात त्याच्या वाडीवरून झाली पाहिजे.