खोडसाळ प्रचार ओळखावा कसा?

(तळेगाव (श्यामजी पंत), ता. आष्टी, जि. वर्धा येथे नवदीक्षित कुटुंबांसमोर केलेले भाषण)



प्रचार हा शब्द कानी पडला की आपल्या डोळ्यांपुढे निवडणुकीचा भोंगा आणि रंगविलेल्या भिंती उभ्या राहतात. हा प्रचार त्या मानाने निरुपद्रवी समजावा, कारण आपण प्रचार आहोत हे तो लपवीत नाही. खरी सावधगिरी बाळगावयाची ती दुसऱ्याच प्रचाराविषयी. तो भिंतीवरचे कॅलेंडर होऊन घरात येतो, मुलांच्या गोष्टींतून आणि पौराणिक मालिकांतून येतो, आणि हल्ली सकाळच्या शुभेच्छेबरोबर खिशातील मोबाईलवरही येतो.

14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यांतील पाचवी प्रतिज्ञा आपण सर्वांनी उच्चारली आहे. बुद्ध हा विष्णूचा अवतार ही समजूत नाकारून बाबासाहेब तेथे थांबले नाहीत. तिला त्यांनी खोटा आणि खोडसाळ प्रचार म्हटले. कायदेपंडिताने योजिलेली ही दोन विशेषणे एकाच अर्थाची नव्हेत. खोटे म्हणजे वस्तुस्थितीस सोडून असलेले. खोडसाळ म्हणजे ज्याच्यामागे काही हेतू आहे असे. तो हेतू शोधावयास दूर जावे लागत नाही. भागवत पुराण सांगते की देवांच्या शत्रूंना मोह पाडण्यासाठी बुद्ध जन्म घेईल. विष्णुपुराणातला मायामोह दैत्यांना वेदमार्गावरून ढळवितो आणि मग देव त्यांचा नाश करतात. म्हणजे तथागतांना अवतारपद दिले ते लोकांना भुलविणारा म्हणून! दशावताराच्या चित्रातील नवव्या चौकटीत हात जोडावयाच्या आधी एवढे लक्षात घ्यावे. शेजारी प्रेमाने म्हणेल, ‘तुमचे बुद्ध म्हणजे आमचाच नववा अवतार.’ त्याच्यावर रागावू नका. बहुधा त्याने ते पुराण वाचलेले नसते. नवव्या अवताराने कोणते कार्य केले असे तेथे लिहिले आहे, एवढेच त्याला शांतपणे विचारा.

आता माझ्या व्यवसायातील विषयाकडे वळतो. ‘घटनेनेच बौद्धांना हिंदू म्हटले आहे,’ हे वाक्य शिकल्यासवरल्या माणसांच्या तोंडीही ऐकू येते. अनुच्छेद 25 मधील दुसऱ्या स्पष्टीकरणात शीख, जैन व बौद्ध यांचा उल्लेख आहे खरा. पण ते स्पष्टीकरण खंड 2 च्या उपखंड (ब) पुरतेच आहे, म्हणजे समाजसुधारणेचे आणि सार्वजनिक स्वरूपाच्या हिंदू धर्मसंस्था सर्वांस खुल्या करण्याचे कायदे यांच्यापुरतेच. हे मर्यादेचे शब्द गाळले की वाक्य दिसावयास तेच राहते, अर्थ मात्र उलटतो. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याचीही हीच गत आहे. त्याच्या कलम 2 मध्ये धर्माने हिंदू असलेले आणि धर्माने बौद्ध, जैन वा शीख असलेले असे वेगवेगळे नोंदविले आहेत. आणि त्याच कलमाच्या तिसऱ्या पोटकलमात असे मान्य केले आहे की, धर्माने हिंदू नसलेल्या ज्यांना हा कायदा लागू होतो त्यांचाही समावेश या कायद्यापुरता हिंदू या शब्दात समजावा. एक कायदा लागू होणे निराळे आणि धर्म निराळा.

परंतु सर्वांत अधिक नुकसान केले ते सवलतींच्या अफवेने. ‘बौद्ध लिहाल तर सवलती जातील’ या वाक्यात एके काळी तथ्य होते, म्हणूनच ते अद्याप जिवंत आहे. 1950 च्या अनुसूचित जातींच्या आदेशाने हिंदूखेरीज अन्य धर्म मानणाऱ्यास अनुसूचित जातीतून वगळले होते. 1962 साली नागपुरातील राखीव जागेवरून विधानसभेत गेलेल्या डॉ. मेश्रामांची निवड, त्यांनी बौद्ध धम्म उघडपणे स्वीकारला होता या कारणासाठी, सर्वोच्च न्यायालयाने 1964 मध्ये रद्द ठरविली. पंजाबराव विरुद्ध मेश्राम हा तो खटला. महाराष्ट्र शासनाने 1960 पासून राज्याच्या सवलती बौद्धांस दिल्या. केंद्राची दारे मात्र 1990 पर्यंत बंद राहिली. त्या वर्षी आदेश दुरुस्त होऊन हिंदू व शीख यांच्या जोडीस बौद्ध हा शब्द आला. तेव्हापासून वरील वाक्य निखालस खोटे आहे. तरीही ते कोण सांगतो, आणि आपण भ्यालो तर कोणाची संख्या वाढते, हा प्रश्न आपणच विचारावयाचा आहे. 1951 च्या जनगणनेत देशात बौद्ध सुमारे 1.8 लाख होते, 1961 मध्ये सुमारे 32.5 लाख. सवलती गमावण्याची भीती खरी होती त्या काळात आपल्या आईबापांनी आणि आजोबाआजींनी हे लिहविले!

मौन हाही प्रचाराचाच एक प्रकार होय. 31 जानेवारी 1920 रोजी ‘मूकनायक’ निघाला, तेव्हा ‘केसरी’ने पैसे घेऊनही त्याची जाहिरात छापण्यास नकार दिला. म्हणून वृत्तपत्र वाचताना काय छापले एवढेच पाहू नये. आपल्या वस्तीतले काय छापले गेले नाही तेही पाहावे.

आणि हीच कसोटी आपल्या बाजूच्या मजकुरासही लावावी. केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी परंपरा, ग्रंथ किंवा गुरूचा शब्द एवढ्यावर विसंबू नका असे सांगितले, त्यातून आपली पत्रके सुटत नाहीत. बाबासाहेबांच्या नावावर खपविलेली किती वाक्ये त्यांच्या लेखनात कोठेच सापडत नाहीत! ग्रंथाचे नाव आणि पान मिळाल्यावाचून ती पुढे पाठवू नका.

2027 ची जनगणना जाहीर झाली आहे. प्रगणक दारी येईल तेव्हा धर्माच्या प्रश्नास ‘बौद्ध’ असे उत्तर द्या आणि अनुसूचित जातीच्या प्रश्नास दाखल्यावरील जातीचे नाव सांगा. ज्या जातीचा आपण त्याग केला तिचे नाव पुन्हा उच्चारताना जीभ जड होते, हे मी जाणतो. पण दवाखान्याच्या कागदावर घावाची नोंद करतात ती घाव भरून निघावा म्हणून. त्याने आडनावावरून परस्पर काही लिहू नये. नोंदविलेले वाचून दाखवावयास सांगा. 1990 च्या दुरुस्तीच्या नकला मी बरोबर आणल्या आहेत. प्रत्येक घराने एक न्यावी, आणि ज्यांच्या मुलांच्या शाळेच्या दाखल्यात धर्माच्या रकान्याचा घोळ आहे त्यांनी सभा संपताच कागद घेऊन मला भेटावे.