तळव्याचा घाम काय सांगतो



मुलाखतीला बोलावणं येण्याची वाट पाहत बाकावर बसलं, की तळहात ओलसर होतात. बाहेर थंडी असली तरी होतात. उन्हाचा घाम अंगभर येतो, पण तळहात आणि तळपाय भीतीला, दचकण्याला, एखाद्या खोल श्वासालाही घामानं उत्तर देतात. हा कारभार अनुकंपी चेतासंस्थेचा. डॉक्टर तिला सिंपथेटिक म्हणतात. ती आपल्याला विचारून काम करत नाही आणि बिघडली तरी लवकर कळू देत नाही.

घामाच्या ग्रंथी जाग्या झाल्या की त्वचेचे विद्युत गुणधर्म बदलतात. फ्रान्समध्ये शार्ल फेरे यांनी १८८८ साली हा बदल नोंदवला. पुढे तो लाय डिटेक्टरमध्ये गेला. माझ्या मते तिथं त्याच्यावर नको तेवढा भार पडला. घाम घाबरल्याचं सांगतो, खोटं बोलल्याचं नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयानंही २०१० साली संमतीशिवाय ही चाचणी करता येणार नाही, असा निकाल दिला.

दवाखान्यातला उपयोग मात्र मोलाचा आहे. १९८४ साली शहानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चेताविकारांसाठी त्वचेतला हाच विद्युत बदल मोजण्याची तपासणी मांडली. तळहातावर आणि हाताच्या मागच्या बाजूला एकेक इलेक्ट्रोड चिकटवतात, तसेच पायालाही. मग मनगटापाशी विजेचा हलका झटका देतात. साधारण दीड सेकंदानं तळहाताची लाट पडद्यावर उमटते, तळपायाची दोन सेकंदांच्या आसपास. एवढा उशीर का? स्नायू हलवणाऱ्या चेतांमधून संदेश सेकंदाला पन्नासेक मीटर धावतो. घामग्रंथींकडे जाणारे शेवटचे तंतू इतके बारीक, की तिथं वेग जेमतेम एक मीटर.

लाट उमटलीच नाही, तर लगेच घाबरू नये. खोली गार असली, झटके लागोपाठ दिले, ॲमिट्रिप्टिलिनसारखी गोळी चालू असली, तर लाट दबते. साठीनंतर काही धडधाकट माणसांच्या पायांतही ती मिळत नाही. झटका जाणवतच नसेल, तर संदेश वर पोचतच नाही. म्हणून जाणकार तंत्रज्ञ खोल श्वास घ्यायला लावून पुन्हा पाहतो. लाटेच्या उंचीवरून आजार किती वाढला, हेही ठरवता येत नाही. निदान एकट्या या आलेखावर होत नाही.

हे सगळं सांगायचं कारण मधुमेह. त्यात लांबलचक चेतांना आधी इजा होते, म्हणून सुरुवात पायांपासून. नेहमीची नर्व्ह कंडक्शन चाचणी जाड तंतूच तपासते. ती नॉर्मल आली, तरी बारीक तंतू बिघडलेले असू शकतात. घाम आटला की तळपाय कोरडे पडतात, टाचांना भेगा जातात. त्यात बधिरपणा असला तर जखम झालेली कळतही नाही. भेगांचा दोष आपण थंडीला देतो, तो दर वेळी खरा नसतो.

तेव्हा मधुमेह असणाऱ्यांनी रोज रात्री तळपाय उजेडात नीट पाहावेत. कोरड्या त्वचेला मलम लावावं, पण बोटांच्या बेचक्यांत लावू नये. अनवाणी चालू नये. आणि पुढच्या वेळी दवाखान्यात गेलात, की साखरेच्या रिपोर्टबरोबर डॉक्टरांना पायही दाखवा. मोजे काढून.