कुत्र्याच्या खोडी आणि घराची शिस्त

कुत्र्याचें शेंपूट नळींत घातलें तरी वांकडें तें वांकडेंच, अशी एक म्हण मराठींत रूढ आहे. म्हण खरी योजली जाते ती माणसांच्या स्वभावावर. परंतु कुत्रें पाळणाऱ्या कित्येक घरांतून ती अक्षरशः खरी मानली जाते, आणि त्या समजुतीची झळ मुक्या प्राण्याला लागते. खोड ही जातीचीच आहे असें एकदां ठरलें, म्हणजे तिचें कारण शोधण्याची गरज उरत नाहीं. मग हातीं राहतात दोनच उपाय : एक काठी आणि दुसरा साखळी. हे दोन्ही थकले, म्हणजे कुत्र्याला गांवाबाहेर नेऊन सोडण्याची भाषा सुरू होते.

पुण्यामुंबईच्या घरांतून ही कथा बहुधा एकाच क्रमानें घडते. मुलांच्या हट्टाखातर दोन महिन्यांचें पिलूं घरीं येतें. त्याचें नांव मोत्या ठेवलें जातें. पहिले कांहीं दिवस तें सर्वांच्या मांडीवरून हिंडतें. त्यानें पायाचा आंगठा चावला तर घर हंसतें, अंगावर उडी घेतली तर त्याला उचलून घेतलें जातें. सात-आठ महिन्यांत मोत्या मोठा होतो. आतां त्याच्या उडीनें आजीचा तोल जातो, त्याच्या भुंकण्यानें शेजारी त्रासतात, चपलांचे तुकडे होतात, आणि वाडग्याजवळ गेलेल्या धाकट्या मुलावर तो गुरगुरतो. 'कुत्रें बिघडलें' असा निकाल घर देतें. वस्तुतः ज्या गोष्टीला घर काल हंसत होतें, तीच मोत्या आज करीत असतो. मधल्या काळांत घराचें मत बदललें, आणि तें त्याला कोणीं कळविलें नाहीं.

कुत्रें कसें शिकतें याचा शास्त्रीय अभ्यास शंभर वर्षांहून जुना आहे. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें मांजरें व कुत्रीं यांना कडीच्या पेटींत कोंडून त्यांची सुटका कशी होते हें पाहिलें, आणि १८९८ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्राणी विचार करून कडी काढीत नाहीं; धडपडींत ती एकदां निघते, बाहेर खाद्य मिळतें, आणि पुढील खेपांस तीच हालचाल अधिकाधिक लवकर होते. ज्या कृतीनें समाधान लाभतें ती दृढ होते. जिच्यानें कांहींच साधत नाहीं ती हळूहळू गळून पडते. रशियांत इव्हान पावलॉव्ह यांनीं कुत्र्यांवरील प्रयोगांनीं दुसरी गोष्ट दाखविली. खाद्यापूर्वीं ठराविक खूण वारंवार झाली, म्हणजे नुसत्या खुणेनेंच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतें. म्हणजे कुत्रें सदैव दोन हिशेब मांडीत असतें : काय केलें असतां काय मिळतें, आणि कशाच्या मागून काय येतें. घरांतील बहुतेक खोडींचा उलगडा या दोन हिशेबांत होतो.

दारावरील भुंकण्याचेंच उदाहरण घ्यावें. पोस्टमन येतो, मोत्या भुंकतो, आणि पत्र टाकून पोस्टमन निघून जातो. तो आपल्या कामानें गेला हें माणसाला ठाऊक असतें. मोत्याच्या हिशेबीं मात्र तो भुंकण्याला भिऊन पळाला. हा विजय त्याला वारंवार मिळतो. त्यांतून घरचा मनुष्य आंतून 'गप्प बस' म्हणून ओरडला, तर दाराशीं गडबड करण्यांत धनीही साथीला आला, असेंच तें दृश्य दिसतें. ओरडण्यानें भुंकणें थांबत नाहीं तें यामुळें.

येथें उपाय आहे तो हिशेब बदलण्याचा. दारापासून दूर एक सतरंजी घालावी. प्रथम दारावर कोणी नसतांना मोत्याला तेथें जाऊन बसण्यास शिकवावें, आणि तो बसतांच भाकरीचा लहानसा तुकडा द्यावा. हें पक्कें झाल्यावर घरांतल्याच कोणीं बाहेर जाऊन हलकेच घंटा वाजवावी व दुसऱ्यानें मोत्याला सतरंजीकडे पाठवावें. दिवसांतून दोन-तीन वेळां, पांच-पांच मिनिटें हा पाठ पुरे. चिकाटी ठेवली तर कांहीं आठवड्यांनीं घंटा ही दाराकडे धांवण्याची खूण न राहतां सतरंजीवर जाण्याची खूण होते. 'भुंकूं नको' या शब्दांतून काय करावें हें कुत्र्याला कळत नाहीं. 'तेथें जाऊन बस' यांतून कळतें. म्हणून कोणतीही खोड काढण्यापूर्वीं तिच्या जागीं कोणती कृति हवी, हें धन्यानें आधीं ठरविलें पाहिजे.

बक्षीस असो वा नापसंती, तिला वेळेचें बंधन फार कडक आहे. कृति आणि फळ यांत कांहीं क्षणांहून अधिक अंतर पडलें, तर कुत्र्याला त्यांचा संबंध जुळवितां येत नाहीं. यावर पुष्कळांचा आक्षेप असा कीं, धनी संध्याकाळीं घरीं येतो, गादी फाडलेली दिसते, आणि मोत्या कान पाडून, मान वळवून कोपऱ्यांत बसलेला असतो. अर्थात् त्याला आपला अपराध कळतो. अलेक्झांड्रा होरोविट्झ या न्यूयॉर्कच्या विदुषीनें ही समजूत १४ पाळीव कुत्र्यांवर पारखून पाहिली व २००९ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केला. खाऊ खाण्याची धन्याकडून मनाई करवून धन्याला बाहेर पाठविण्यांत येई. कांहीं वेळां कुत्रें खाऊ खाई, कांहीं वेळां खात नसे. आणि परत आलेल्या धन्याला कधीं खरें, तर कधीं खोटें सांगण्यांत येई. कुत्र्याची अपराधी मुद्रा खाऊ खाल्ला कीं नाहीं यावर अवलंबून नव्हती. धनी रागावला कीं नाहीं यावर होती. किंबहुना आज्ञा पाळूनही ज्यांना बोलणीं खावीं लागलीं, त्यांच्या ठायीं ती अधिकच दिसली. तेव्हां ती मुद्रा कबुलीजबाब नसून धन्याचा राग शमविण्याची धडपड होय. तासापूर्वींच्या कृत्याबद्दल मार खाणारें कुत्रें एवढेंच शिकतें कीं, धनी घरीं आला म्हणजे भय असतें.

घरांत घाण करणाऱ्या पिलाचें नाक तेथें घासण्याची जुनी चाल याच कारणास्तव निरुपयोगी आहे. त्यानें पिलूं घाण करण्याचें सोडीत नाहीं; माणसाच्या दृष्टीआड, पलंगाखालीं जाऊन करूं लागतें. दोन-तीन महिन्यांच्या पिलाला फार वेळ दम धरवत नाहीं. झोपेंतून उठतांच, खाण्यानंतर आणि खेळ संपतांच त्याला ठराविक जागीं न्यावें, व काम उरकल्याबरोबर तेथेंच शाबासकी द्यावी. लसी पुऱ्या होईपर्यंत रस्त्यावरील घाणींत पिलाला नेऊं नये. तोंवर गच्चीचा कोपरा किंवा अंथरलेलें वर्तमानपत्र चालतें. चुकलेली जागा वास उरणार नाहीं अशी धुवावी, कारण वास राहिला तर पिलूं पुन्हा तेथेंच जातें.

चपला कुरतडण्याविषयींही असेंच. दुधाचे २८ दांत पडून ४२ कायमचे दांत येण्याचें काम साधारणपणें सातव्या महिन्यापर्यंत चालतें, आणि तोंवर हिरड्या शिवशिवतात. जुनी चपल खेळावयास देणारा मनुष्य नवी चपल गमावतो. जुन्यानव्याचा भेद पिलाला समजत नाहीं. चावण्यासाठीं त्याला वेगळी वस्तु द्यावी, आणि चपला फडताळांत ठेवाव्या.

आतां त्याहून गंभीर गोष्ट. वाडग्याजवळ गेलेल्या मुलावर मोत्या गुरगुरतो, तेव्हां 'तो घरांत वरचष्मा गाजवूं पाहतो, त्याला उताणें पाडून दाबून धरावें,' असा सल्ला अजूनही दिला जातो. या सल्ल्याचें मूळ लांडग्यांच्या अभ्यासांत आहे. रुडॉल्फ शेंकेल यांनीं १९४७ सालीं बाझेलच्या प्राणिसंग्रहालयांत एकत्र कोंडलेल्या लांडग्यांची भांडणें वर्णन केलीं. त्यावरून कळपांत सत्तेसाठीं सतत झगडा चालतो, अशी कल्पना पसरली. अमेरिकन शास्त्रज्ञ डेव्हिड मेक यांनीं १९७० सालच्या आपल्या ग्रंथांत तिला पुष्टि दिली होती. परंतु रानांतील लांडगे अनेक वर्षें पाहिल्यावर त्यांनींच १९९९ सालीं ती दुरुस्त केली. रानांतील कळप हा बहुधा आईबाप व त्यांचीं पिलें यांचें कुटुंब असतो. तेथें मायबाप झगडून पुढारी होत नाहींत. ज्या सिद्धांताच्या आधारानें कुत्र्याला उताणें पाडावयाचें, तो सिद्धांत लांडग्यांनाही लागू पडत नाहीं, मग कुत्र्याची गोष्ट दूरच.

गुरगुरणारें कुत्रें आपलें अन्न जाईल म्हणून भ्यालेलें असतें, आणि गुरगुरणें ही त्याची पूर्वसूचना असते. अंग ताठणें, नजर रोखणें, ओंठ उचलणें या तिच्याच खुणा होत. मार देऊन गुरगुरणें बंद करतां येतें. परंतु त्यानें भीति जात नाहीं, फक्त सूचना जाते. पुढें असें कुत्रें अकस्मात् चावलें असें लोक म्हणतात. त्याला सूचना न देण्यास घरानेंच शिकविलेलें असतें. येथेंही हिशेब बदलला पाहिजे. माणूस जवळ आला म्हणजे वाडगा जातो, याऐवजीं माणूस जवळ आला म्हणजे वाडग्यांत अधिक चांगलें कांहीं पडतें, असा अनुभव मोत्याला यावा. प्रथम तो स्वस्थपणें खात राहील इतक्या अंतरावरून मोठ्या माणसानें एक रुचकर तुकडा टाकून निघून जावें. दिवसेंदिवस अंतर कमी करावें. ताठरपणा दिसला तर मागें यावें. हा पाठ मुलांकडून कधींही करवूं नये. मुलांना शिकवावयाचें तें निराळें : खाणाऱ्या व झोंपलेल्या कुत्र्याला हात लावावयाचा नाहीं, आणि लहान मुलाला कुत्र्याजवळ एकटें ठेवावयाचें नाहीं. कुत्रें पूर्वीं चावलें असेल, तर घरगुती उपाय न करतां पशुवैद्याचा व जाणत्या शिक्षकाचा सल्ला घ्यावा. चावा झालाच, तर जखम साबण व वाहतें पाणी यांनीं १५ मिनिटें धुवून तत्काळ डॉक्टरांकडे जावें. कुत्रें घरचें आहे म्हणून चालढकल करूं नये.

सालस कुत्रें अचानक चिडखोर झालें, किंवा शिकलेलें कुत्रें पुन्हा घरांत लघवी करूं लागलें, तर शिस्तीचा विचार नंतर करावा. कानाचा ठणका, सांध्यांचें दुखणें, मूत्रमार्गाचा विकार अशीं कारणें त्यामागें असूं शकतात.

भीति ही खोड नव्हे, हेंही ध्यानांत ठेवावें. जॉन पॉल स्कॉट व जॉन फुलर यांनीं अमेरिकेंत बार हार्बर येथें केलेलें दीर्घ संशोधन १९६५ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालें. जन्मानंतर सुमारें तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ हा कुत्र्याच्या जगाशीं ओळखीचा काळ होय, असें त्यांत दाखविलें आहे. त्या वयांत जें सौम्यपणें भेटतें, त्याची पुढें सहसा भीति उरत नाहीं. ज्याला तें लाभलें नाहीं, अशा कुत्र्याला दिवाळीचे चार दिवस फार जड जातात. त्याची तयारी गणपतीच्या आधींपासून करावी : जेवणाच्या वेळीं फटाक्यांचा मुद्रित आवाज अगदीं मंद लावावा, आणि कुत्रें स्वस्थ राहील त्या मानानेंच तो वाढवावा. प्रत्यक्ष सणांत फिरणें दिवसाउजेडीं उरकावें, खिडक्या लावाव्या, पलंगाखालीं लपूं द्यावें. भ्यालेल्या कुत्र्याला जवळ घेतल्यानें भीति वाढते, ही समजूत निराधार आहे. फारच थरकांप होत असेल, तर पशुवैद्याचें औषध आधींच आणून ठेवावें.

हे सर्व उपाय एका अटीवर फळतात : घराचें मत एक पाहिजे. आईनें पंगतींत तुकडा देण्याची मनाई करावी, आणि आजोबांनीं पाटाखालून चार दिवसांनीं एकदां पोळी सरकवावी, असें चाललें तर मोत्याचें मागणें थांबणार नाहीं. कधीं मिळणारें आणि कधीं न मिळणारें बक्षीस संवय अधिक चिवट करतें, हें स्किनर यांच्या प्रयोगांनीं सिद्ध झालें आहे. शिवाय देणें बंद केल्यावर मागणें प्रथम वाढतें. त्या दोन-चार दिवसांत कोणी विरघळलें, तर अधिक मोठ्यानें भुंकावें एवढाच धडा मिळतो.

कुत्र्याला फार आंखूड वा जड साखळीनें अवाजवी वेळ बांधून ठेवणें, सदा बांधलेल्या कुत्र्याला पुरेसें न फिरविणें, आणि भूकतहानेनें हाल होतील अशा स्थितींत प्राण्याला सोडून देणें, या तिन्ही गोष्टी १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यानें गुन्हा ठरविल्या आहेत. परंतु कायद्यापर्यंत गोष्ट जाण्यापूर्वीं घरानें एक साधा प्रयोग करून पहावा. आठ दिवस एक वही ठेवावी. खोड घडली कीं ती लिहावी, आणि तिच्या दोन्ही बाजूंस दोन रकाने आंखावे : खोडीपूर्वीं काय झालें होतें, आणि खोडीनंतर कुत्र्याला काय मिळालें. दुसऱ्या रकान्यांत बहुधा घरांतल्याच कोणाचें तरी नांव सांपडतें.