चार्जरचा नकार



ज्या व्यासपीठावरून आपण इतिहास, साहित्य आणि राज्यकारभार यांवरची व्याख्याने ऐकता, तेथे आज मी एका डबीबद्दल बोलायला उभा आहे. ही डबी म्हणजे बिनवायरच्या ड्रिलची बॅटरी भरणारा चार्जर. विषय लहान आहे हे मला मान्य आहे. पण आपल्या गावातल्या सुतारांच्या हातांतले गिरमिट जाऊन तेथे आता हे ड्रिल आले आहे, आणि सकाळी बॅटरी भरली नाही की त्यांचा त्या दिवसाचा रोजगार बुडतो. शिवाय घाईत जे उपाय केले जातात, त्यांतून आग लागू शकते. म्हणून विषय लहान असला तरी क्षुल्लक नाही.

मागच्या उन्हाळ्यात आमच्याकडे फळ्या बसवायला एक सुतार येत असत. एकदा दुपारी जेवण झाल्यावर त्यांनी बॅटरी चार्जरमध्ये सरकवली, तर लाल दिवा लुकलुकू लागला. त्यांनी दोनचार वेळा ती काढून घातली आणि म्हणाले, "चार्जर गेला, साहेब." त्यांच्याबरोबरचा मुलगा म्हणाला, "मामा, दुसऱ्या बॅटरीतून दोन वायरी लावून हिला एक झटका देऊ, म्हणजे चालू होईल." मी बॅटरीला हात लावून पाहिला. ती चांगलीच तापलेली होती. सकाळभर काम करून ती गच्चीवर उन्हात पडली होती. मी म्हटले, "मामा, अर्धा तास थांबा." बॅटरी पंख्याखाली ठेवली. अर्ध्या तासाने तीच बॅटरी त्याच चार्जरमध्ये घातली, आणि ती निमूटपणे भरू लागली.

चार्जर बिघडला नव्हता. तो आपले काम करीत होता, आणि त्या वेळी नकार देणे हेच त्याचे काम होते. आज मला एवढेच सांगायचे आहे, की चार्जर चालत नाही असे दिसले की "हा दुरुस्त कसा करू?" असे विचारण्याआधी "हा नकार कोणाचा, आणि कशासाठी?" असे विचारावे.

हे समजायला थोडे आत डोकवावे लागेल. बिनवायरचे ड्रिल १९६१ साली अमेरिकेत ब्लॅक अँड डेकर कंपनीने बाजारात आणले. त्यात निकेल-कॅडमियमची बॅटरी होती. ती बॅटरी सोशीक होती आणि तिचा चार्जरही साधाभोळा होता. १९९१ साली सोनी कंपनीने लिथियम-आयन बॅटरी विक्रीस आणली. या शोधाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ही नवी बॅटरी वजनाने हलकी आणि ताकदीने मोठी, पण स्वभावाने नाजूक. १८ व्होल्टच्या बॅटरीत ३.६ व्होल्टचे पाच सेल एकामागून एक जोडलेले असतात. भरताना प्रत्येक सेलचा दाब सामान्यतः ४.२ व्होल्टच्या वर जाऊ द्यायचा नसतो, आणि वापरताना तो साधारण २.५ च्या खाली उतरू द्यायचा नसतो. गोठणबिंदूच्या खाली भरली तरी ती बिघडते, आणि फार तापलेली असताना भरली तरी बिघडते. म्हणून बॅटरीत थर्मिस्टर नावाचा एक लहानसा पहारेकरी बसवतात. उष्णतेप्रमाणे त्याचा विद्युत्‌रोध बदलतो. बॅटरीच्या दोन मोठ्या पट्ट्यांशेजारी ज्या बारीक पट्ट्या दिसतात, त्यांतल्या एकीवरून चार्जर त्याला "आत किती तापले आहे?" असे विचारतो. उत्तर ठीक आले तरच वीज सोडतो.

आता नकार कोणाचा हे शोधायचे ते क्रमाने, भिंतीपासून बॅटरीकडे.

पहिली भिंत. त्याच सॉकेटला दिवा किंवा पंखा लावून पाहा. एक्स्टेन्शन बोर्डाचे बटण बंद असल्यामुळे चार्जर कचऱ्यात गेल्याची उदाहरणे आहेत. चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच.

दुसरी चार्जरच्या पाठीवरची पट्टी. अमेरिकेतल्या मुलाने किंवा भाच्याने प्रेमाने पाठवलेले ड्रिल आपल्याकडे पुष्कळ घरांत असते. त्याच्या चार्जरवर केवळ १२० व्होल्ट लिहिलेले असेल, तर आपल्या २३० व्होल्टांवर तो क्षणात जळू शकतो. अशा वेळी बॅटरी निर्दोष असते. तिच्या जातीचा, येथल्या विजेवर चालणारा चार्जर मिळाला म्हणजे काम होते.

तिसऱ्या त्या धातूच्या पट्ट्या. लाकडाचा भुसा आणि सिमेंटची धूळ त्यांवर बसते, पावसाळ्यात त्या काळवंडतात. बारीक पट्टीवर मळ असला तर थर्मिस्टरचे उत्तर चार्जरपर्यंत पोचत नाही, आणि तो नकार देतो. चार्जर भिंतीवरून काढून, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाच्या काडीने त्या पुसाव्या आणि पुरत्या वाळू द्याव्या. खरवडू नयेत, आणि दोन पट्ट्यांना एकदम धातूचे अवजार तर मुळीच लावू नये.

चौथी उष्णता. तिची गोष्ट मघाशी सांगितलीच. ती थांबून आपोआप सुटते. फक्त बॅटरी लवकर निवावी म्हणून तिला फ्रिजमध्ये ठेवू नका. तेथे तिच्यावर दव धरते.

पाचवी परीक्षा अदलाबदलीची, आणि ती सर्वांत निर्णायक. तुमच्या चार्जरमध्ये त्याच जातीची दुसरी चांगली बॅटरी घाला, आणि तुमची बॅटरी दुसऱ्याच्या चार्जरमध्ये घाला. दुसरी बॅटरी तुमच्याकडे भरली आणि तुमची कोठेच भरली नाही, तर दोष बॅटरीचा. उलट झाले, तर दोष चार्जरचा. शेजारच्या सुताराकडे पाच मिनिटे मागून हा निकाल लागतो.

येथे एक सावधगिरी सांगतो. पुष्कळ लोक मल्टिमीटर घेऊन रिकाम्या चार्जरचा दाब मोजतात, शून्य दिसले की "मेला" म्हणतात. पण आजचे पुष्कळसे चार्जर बॅटरी बसून ओळख पटल्याशिवाय वीज सोडतच नाहीत. तेव्हा त्या शून्यावरून काही सिद्ध होत नाही. बॅटरीचा दाब मोजणे त्या मानाने उपयोगी. १८ व्होल्टची बॅटरी पूर्ण भरलेली असता सुमारे २१ व्होल्ट दाखवते. १२.५ च्या खाली असली तर ती गरजेपेक्षा अधिक रिती झाली आहे. वर्षभर कपाटात विसरलेल्या बॅटरीचे बहुधा हेच होते. काही चार्जर अशा बॅटरीला प्रथम थेंबथेंब वीज देऊन पाहतात, काही सरळ नाकारतात.

परंतु श्रोतेहो, ही बेरीजही फसवी असते. समजा मीटरने १६ व्होल्ट दाखवले. पाचांत वाटले तर प्रत्येकाला ३.२ आले, म्हणजे सर्व आलबेल. पण चार सेल ३.९ वर असून पाचवा ०.४ वर असला तरीही बेरीज १६च येते! घरातल्या पाच माणसांपैकी एक उपाशी आहे, हे एकूण भाकऱ्या मोजून कळत नाही. बॅटरीत प्रत्येक सेलवर नजर ठेवणारी यंत्रणा असली, तर ती हे ओळखते आणि भरू देत नाही.

आता त्या मुलाच्या दोन वायरींकडे येतो. त्या वायरींनी काय होते? पहारेकऱ्याला बाजूला सारून वीज आत ढकलली जाते. बॅटरी कधीकधी खरोखरच जागी होते, आणि म्हणून हा उपाय एकाकडून दुसऱ्याकडे पसरतो. पण अगदी रित्या पडलेल्या सेलमध्ये तांब्याचा पत्रा आतल्या द्रवात विरघळू लागतो. पुन्हा भरताना तेच तांबे भलत्या ठिकाणी साचते आणि सेलच्या पोटातच दोन ध्रुव जोडले जाण्याचा संभव निर्माण होतो. जागी झालेली बॅटरी कदाचित महिनाभर चालेल, आणि मग एखाद्या रात्री, माणसे झोपली असताना, चार्जरवरच पेट घेईल. उपाय साधला त्या दिवशी संकट टळत नाही, ते फक्त पुढे ढकलले जाते.

चार्जर उघडण्याच्या मोहाबद्दलही तेच. आतल्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्टांचा दाब असतो, आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ राहू शकतो. ज्याचा तो व्यवसाय आहे त्यानेच ते झाकण उघडावे.

निकाल बॅटरीविरुद्ध लागला तर ती घरच्या कचऱ्यात टाकू नका. २०२२ सालच्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. पट्ट्यांवर चिकटपट्टी लावून ती संकलन केंद्रावर द्या. आणि नवी बॅटरी फार दिवस वापरायची नसेल, तर अर्धी भरून थंड, कोरड्या जागी ठेवा. अधूनमधून तिची विचारपूस करा.

हे सारे ऐकून ते मामा मला म्हणाले होते, "म्हणजे तो दिवा लुकलुकत होता ते रागावून नव्हे, सांगत होता!" माझ्या तासाभराच्या बोलण्याचे सार त्यांनी एका वाक्यात काढले. प्रत्येक कंपनीच्या दिव्याची भाषा वेगळी असते, ती सोबतच्या पुस्तिकेत छापलेली असते, आणि ती पुस्तिका आपण पहिल्याच दिवशी खोक्याबरोबर रद्दीत घालतो. एवढी सवय बदलली, आणि नकार ऐकताच त्याच्यावर जबरदस्ती करण्याऐवजी त्याचे कारण विचारण्याची सवय लागली, तर पुष्कळ चार्जर वाचतील, रोजगार वाचेल, आणि एखादे घरही वाचेल.