डबा, ठेका आणि वाट बघणं

आज गेस्ट कुणी नाही, मी एकटाच बोलतोय. अकलूजला घरी आलोय, वर्क फ्रॉम होम चालू आहे, त्यामुळे मागून ट्रॅक्टरचा आवाज आला तर सांभाळून घ्या.

विषय माझ्या भाच्याचा आहे. वय सहा, ऑटिझम. मराठीत त्याला स्वमग्नता म्हणतात, पण मला तो शब्द पटत नाही. आमचं लेकरू स्वतःत मग्न वगैरे नाही. त्याला आवाज, उजेड, गर्दी आपल्यापेक्षा जास्त टोचते आणि ते शब्दांत सांगता येत नाही.

तुकोबांची पालखी अकलूजला येते तेव्हा माने विद्यालयाच्या मैदानावर गोल रिंगण होतं, हे इकडच्या लोकांना माहितीच आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही हौसेनं त्याला घेऊन गेलो. टाळ, पखवाज, गजर, धूळ. पाच मिनिटांत त्यानं कान दाबले, खाली बसला आणि किंचाळायला लागला. शेजारचा एक जण म्हणाला, "लाडावून ठेवलंय." ताई त्याला कडेवर घेऊन घरी आली. त्या रात्री ती जेवली नाही.

दोन दिवसांनी हाच मुलगा स्वयंपाकघरात बिस्किटाच्या रिकाम्या डब्यावर टाळाचा तोच ठेका वाजवत होता. हळू आवाजात, एकदम बरोबर.

मग कुणीतरी सांगितलं, म्युझिक थेरपी करा. दाजींनी दुसऱ्या शहरातलं एक सेंटर शोधलं. नाव घेत नाही. "तीन महिन्यांत बोलायला लागेल," असं तिथं सांगितलं आणि पैसे आगाऊ घेतले. आठवड्यातून एकदा अख्खा दिवस प्रवासात जायचा. आणि थेरपी काय, तर पोराला खुर्चीवर बसवून स्पीकरवर राग लावायचे! वर गॅदरिंगला त्याला ढोलकी देऊन स्टेजवर उभं केलं. लाइट, टाळ्या, मोबाइल... परत रिंगणाचीच गत. दाजी म्हणाले, "थोतांड आहे सगळं, बंद करा." ताई मला म्हणाली, "अरे, पण डबा वाजवताना तो माझ्याकडं बघतो रे. तू जरा शोध की."

शोधलं. 2017 मध्ये जामा या मेडिकल जर्नलमध्ये एक मोठा अभ्यास छापून आलाय. 9 देश, ऑटिझम असलेली 364 मुलं, वय 4 ते 7. नेहमीच्या उपचारांसोबत पाच महिने म्युझिक थेरपी दिलेली मुलं आणि न दिलेली मुलं, यांच्यात लक्षणांच्या मुख्य मोजमापात ठळक फरक दिसला नाही. वाचून वाटलं, दाजी जिंकले. पण 2022 मध्ये कॉक्रेननं 26 अभ्यास एकत्र करून तपासले, त्यात एकंदर सुधारणा आणि जगण्याचा दर्जा यांत फायदा होत असावा असं निघालं. बोलणं सुधारेल याची खात्री मात्र त्यातही नाही.

म्हणजे गडबड आपण विचारलेल्या प्रश्नात होती. आम्ही सगळे "बोलणार कधी?" एवढंच मोजत होतो. त्याचा दिवस बरा जातोय का, घरातल्या कुणाशी त्याचं जमतंय का, हे आम्ही मोजतच नव्हतो.

बरं, त्या अभ्यासातली थेरपी म्हणजे राग ऐकवणं नाही. तिथं मूल आधी वाजवतं. थेरपिस्ट त्याचाच ठेका, त्याच्याच वेगानं परत देतो. मग थोडा बदल करतो आणि थांबतो. मूल उत्तर देईल म्हणून वाट बघतो. आमच्या भाषेत सांगायचं तर रिक्वेस्ट आणि रिस्पॉन्स, फक्त टाइमआउट नाही. डान्स मूव्हमेंट थेरपीतही हेच तत्त्व आहे, मुलाची हालचाल आधी आपण करायची. त्यात आपल्याकडं त्रिपुरा कश्यप यांनी खूप आधीपासून काम केलंय. मुंबईत टिसनं कोलकाता संवेदबरोबर त्याचा डिप्लोमाही सुरू केला होता.

इथं एक गोष्ट नीट ऐका. स्पीच थेरपिस्ट, स्पेशल एज्युकेटर, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांची नोंदणी आरसीआयकडे, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. तो नंबर मागा, लाजू नका. म्युझिक, आर्ट, डान्स थेरपिस्ट असा गट आरसीआयच्या यादीत नाही. त्यामुळे नुसत्या बोर्डावर जाऊ नका. शिक्षण कुठं घेतलं, कुणाच्या हाताखाली काम केलं, सेशनमध्ये आईबाबांना बसू देतात का, मूल नको म्हणालं तर काय करता, हे विचारा. आणि जो तारीख देऊन बोलायला लावतो म्हणतो, तिथून सरळ उठा.

आम्ही स्पीच थेरपी सोडली नाही, ती चालूच आहे. डबा घरी. संध्याकाळी दहा मिनिटं, टीव्ही बंद, एकच माणूस समोर. पहिले तीन आठवडे काहीच नाही. ताई वाजवायची, तो पंख्याकडं बघायचा. दाजी दारातून बघून निघून जायचे. मग एकदा ताई मध्येच थांबली, तर त्यानं तिचा हात धरून डब्यावर ठेवला. बोलला नाही. पण "वाजव" हे त्याच्याएवढं स्पष्ट मला तरी कुणी कधी सांगितलं नाही.

कागदपत्रांचं पटकन सांगतो. युडीआयडी कार्ड काढून घ्या. नॅशनल ट्रस्टची निरामय नावाची आरोग्य विमा योजना आहे, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठी. वर्षाला 1 लाखापर्यंत, त्यात थेरपीचा खर्चही ठरावीक मर्यादेत बसतो. आणि शाळेत जाणारं मूल असेल तर तालुक्याच्या गट साधन केंद्रात विशेष शिक्षकांची चौकशी करा. आम्हाला हे दोन वर्षं कुणी सांगितलंच नव्हतं.

यंदा गॅदरिंगचा विषय आला तेव्हा ताईनं सरळ नाही म्हणून सांगितलं. पालखीला आम्ही त्याला मैदानात नेणार नाही. मित्राचं घर रस्त्यापासून जरा आत आहे, त्याच्या गच्चीवर बसू. कानाला हेडफोन, बरोबर डबा. नको वाटलं तर घरी. दाजी म्हणालेत, गाडी तेच काढणार.

चला, आत ठेका सुरू झालाय, मला बोलावणं आलंय. भेटू पुढच्या एपिसोडला.